ताप उतरल्यावरचे अठरा तास

शून्य म्हणजे शनिवारी रात्री दहा. त्या मिनिटाला गिरडच्या एका अकरा वर्षांच्या मुलीच्या मनगटावर नाडी लागणार नाही. ही मुलगी कुणी एक नाही. पावसाळा सरताना डेंग्यूच्या वॉर्डांत जे वर्षानुवर्षं दिसत आलंय आणि वैद्यकाच्या पुस्तकांत ज्याचा क्रम लिहून ठेवलाय, ते इथं एका देहावर मांडलं आहे. तिचं वजन तीस किलो धरू. गाव मात्र खरं आहे: वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं, ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीपाशी वसलेलं, वर्ध्यापासून साठेक किलोमीटर लांब. हे अंतर शेवटी तासांतच मोजावं लागतं.

दोन वर्षं आधी

खरी मोजणी इथून सुरू होते. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. चार दिवस अंग तापलं, डोळ्यांच्या मागे ठणकलं, शाळा बुडली आणि पाचव्या दिवशी ती खेळायला पळाली. घरात त्याला ‘व्हायरल’ म्हटलं गेलं आणि सगळे ते विसरले. तो डेंग्यू होता, विषाणूच्या चार प्रकारांपैकी पहिला.

तिच्या रक्ताने मात्र लक्षात ठेवलं. पहिल्या प्रकाराविरुद्ध तिला जन्मभर पुरतील अशी प्रतिपिंडं तयार झाली. उरलेल्या तीन प्रकारांपासून काही महिने आडोसा मिळाला. मग प्रतिपिंडांची पातळी उतरत गेली आणि अशा जागी येऊन थांबली की, दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला तर ती त्याला चिकटतील, पण निकामी करू शकणार नाहीत.

अशी मुलं आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७-१८ मध्ये पंधरा राज्यांत केलेल्या रक्तपाहणीत ५ ते ८ वर्षांच्या २८.३ टक्के मुलांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याची खूण सापडली. ९ ते १७ वयोगटात हे प्रमाण ४१ टक्के होतं. यातल्या बहुतेकांच्या घरी ‘डेंग्यू’ हा शब्द कधी उच्चारलाही गेला नसेल.

२३० तास आधी. गुरुवार, सकाळी ८

कूलर उन्हाळ्यापासून खिडकीत तसाच आहे. टाकीच्या तळाला चार बोटं पाणी. विदर्भातल्या घराघरांत हे दिसतं, आणि एडिस डासाला याहून जास्त काही लागत नाही. तो दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी इथं उपयोगी पडत नाही. मुलगी शाळेच्या बुटांचे बंद बांधतेय. पोटरीवर मादी बसते आणि उठते. तिच्या लाळेतून कातडीखाली गेलेला विषाणू दुसऱ्या प्रकारचा आहे.

१०० तास आधी. मंगळवार, संध्याकाळी ६

ताप एकदम चढतो, १०३. डोकं, पाठ, सांधे. चेहरा लाल.

८४ तास आधी. बुधवार, सकाळी १०

प्राथमिक आरोग्य केंद्र. एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह येते, म्हणजे विषाणूचं एक प्रथिन रक्तात फिरतंय. पॅरासिटामॉल मिळतं. ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नका, पाणी, ओआरएस, पेज भरपूर पाजा, असं सांगितलं जातं. आणखीही एक सांगितलं जातं: ताप उतरला की मुलीला परत दाखवायला आणा. या शेवटच्या सूचनेवर सगळं अवलंबून आहे. पण ती ऐकणाऱ्याला उलटी वाटते. ताप चढला की दवाखाना, उतरला की घर, असंच आपण लहानपणापासून शिकलेलो असतो.

६० तास आधी. गुरुवार, सकाळी १०

बाहेरून पाहिलं तर आज काही विशेष नाही. मुलगी तापलेली, थकलेली, दोन घास खाऊन पडून आहे. पण तिच्या शरीरातला सगळ्यात मोठा दिवस हाच आहे.

प्रतिपिंडाचा आकार बेचकीसारखा. वरची दोन टोकं विषाणूला पकडतात. खालचा दांडा कशाला, हा प्रश्न बराच काळ मागे पडला होता, कारण सगळं लक्ष पकडीवर होतं. त्या दांड्याचं शास्त्रीय नाव एफसी. आपल्या अनेक संरक्षक पेशींच्या पृष्ठभागावर हा दांडा धरणारे ग्राही असतात, त्यांना एफसी ग्राही म्हणतात. प्रतिपिंड स्वतः फारसं कुणाला मारत नाही. ते विषाणूवर किंवा जिवाणूवर बसतं आणि दांडा बाहेर काढून ठेवतं. तो कोणती पेशी धरते, कोणत्या ग्राहीने धरते, यावर पुढचं ठरतं. भक्षक पेशीने धरला तर ती सगळं गिळते आणि आत पचवते. न्यूमोनियाच्या जिवाणूंपासून आपण वाचतो त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. नैसर्गिक मारक पेशीने धरला तर ती रोगग्रस्त पेशीला भोक पाडून मारते. मास्ट पेशींवरचे ग्राही वेगळ्या जातीची प्रतिपिंडं धरतात, त्यांच्यामुळे दम्याचा झटका येतो आणि गांधी उठतात. एक ग्राही तर चक्क लगाम घालणारा आहे: तो दांडा धरतो आणि पेशीला ‘पुरे’ सांगतो. सारख्याच पकडीचं प्रतिपिंड, पण दांडा कुणाच्या हाती गेला त्यावरून शरीराचं उत्तर बदलतं.

आता मुलीच्या रक्तात काय चाललंय ते पाहा. दुसऱ्या प्रकारच्या विषाणूवर जुनी प्रतिपिंडं बसली आहेत. विषाणूला निकामी करायला त्याच्या अंगावर पुरेशी प्रतिपिंडं घट्ट बसावी लागतात. इथं ती कमी आहेत आणि पकड सैल आहे. दांडे मात्र बाहेर आहेतच. मोनोसाइट आणि भक्षक पेशी ते दांडे धरतात आणि नेहमीप्रमाणे सगळं गाठोडं आत ओढून घेतात. ओळखीच्या माणसाचा हात धरून आलेल्याला उंबऱ्यावर कोण अडवतं? एरवी आत गेलेला जंतू पचून जातो. डेंग्यूचा विषाणू पचनाच्या त्या पिशवीतलं आम्ल वाढेपर्यंत थांबतो आणि मग त्याच आम्लाच्या आधाराने बाहेर निसटतो. ज्या पेशीने त्याला संपवायचं तिच्यातच तो स्वतःच्या प्रती काढायला बसतो. प्रयोगशाळेत असंही दिसलंय की, या वाटेने आत शिरलेला विषाणू पेशीची इंटरफेरॉनची हाकाटी दाबून टाकतो. म्हणजे शेजारच्या पेशींना वेळेत इशाराही जात नाही.

याला ‘प्रतिपिंडामुळे वाढलेला संसर्ग’ म्हणतात. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात रॉयल हॉक्स यांना याच कुळातल्या विषाणूंबाबत हे पहिल्यांदा दिसलं: थोडी प्रतिपिंडं घातली की विषाणू कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. साठच्याच दशकात स्कॉट हॉलस्टेड बँकॉकमध्ये मुलांच्या रक्तस्रावी तापाचा माग काढत होते. जिवावर बेतलेली मुलं दोन गटांत मोडत होती. एक गट दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांचा. दुसरा गट तान्ह्या बाळांचा, ज्यांचा हा पहिलाच डेंग्यू होता. या बाळांचं कोडं सुटलं तेव्हा गोष्ट पक्की झाली. बाळाला आईच्या रक्तातून प्रतिपिंडं मिळतात. जन्मानंतर सुरुवातीला ती राखण करतात, पण सहाव्या ते नवव्या महिन्याच्या सुमारास विरळ होतात आणि नेमकी त्याच वयात बाळं अत्यवस्थ होतात. रक्तात प्रतिपिंड होतं, पण अर्धवट होतं.

क्यूबात हेच अख्ख्या देशावर गुदरलं. १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली, बहुतेक सौम्य. चार वर्षांनी, १९८१ मध्ये, दुसऱ्या प्रकाराची साथ आली आणि साडेतीन लाखांच्या आसपास लोक आजारी पडले. १५८ जण गेले, त्यांतली १०१ मुलं होती.

‘अर्धवट’ म्हणजे किती, याचा अंदाज २०१७ मध्ये निकाराग्वातल्या मुलांच्या पाहणीतून आला. प्रतिपिंडांची पातळी एका ठरावीक मधल्या पट्ट्यात असलेल्या मुलांना गंभीर डेंग्यूचा धोका सातपटीहून जास्त होता. त्या पट्ट्याच्या वरची मुलं सुरक्षित होती. रक्तात प्रतिपिंडं अजिबात नसलेल्यांनाही तो जादा धोका नव्हता. त्याच वर्षी आणखी एक धागा सापडला. दांड्यावर साखरेची एक बारीक साखळी असते. तिच्यातली फ्युकोज नावाची साखर गळालेली असली तर दांडा एका ग्राहीला जास्त घट्ट बसतो, आणि गंभीर डेंग्यूच्या रुग्णांत अशी प्रतिपिंडं जास्त आढळली. म्हणून दुसऱ्यांदा डेंग्यू झालेला प्रत्येक जण इथवर येत नाही. खरं तर शंभरांत मोजकेच येतात. विषाणूची जात, माणसाची जनुकं, दांड्यावरची साखर, प्रतिपिंडांची पातळी, हे सगळं एका रेषेत यावं लागतं.

या मुलीत ते आलं आहे.

३६ तास आधी. शुक्रवार, सकाळी १०

रक्ताचा रिपोर्ट: प्लेटलेट ८८ हजार. सगळ्या घराची नजर या आकड्यावर खिळते. ‘पेशी कमी झाल्या’ ही बातमी फोनवरून मामाकडे, मावशीकडे जाते. परसातल्या पपईची पानं ठेचली जातात आणि कडू रस वाटीने पाजला जातो.

पपईचा या गोष्टीशी एक खरा संबंध आहे. तिच्या चिकातून पेपेन नावाचं विकर निघतं. १९५९ मध्ये लंडनमध्ये रॉडनी पोर्टर यांनी सशाच्या प्रतिपिंडावर पेपेन टाकलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. दोन सारखे, विषाणू धरणारे. तिसऱ्या तुकड्याचे स्फटिक झाले, म्हणून त्याचं नाव ‘स्फटिक होणारा तुकडा’, एफसी. आपण ज्या दांड्याबद्दल बोलतोय तो जगाला असा दिसला. या कामासाठी पोर्टर यांना १९७२ चं नोबेल मिळालं, जेराल्ड एडेलमन यांच्यासोबत.

प्लेटलेटच्या आकड्याबद्दल मला ठासून लिहायचं आहे. डेंग्यूत माणूस सहसा प्लेटलेट कमी झाल्याने दगावत नाही. तो दगावतो रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपल्याने. त्या झिरपण्याचा माग दुसरा आकडा देतो: पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती. रिपोर्टच्या त्याच कागदावर तो छापलेला असतो. मुलीचा नेहमीचा ३६, आज ३८. पाणी निघून जाऊ लागलं की रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. मूळच्या एक पंचमांशाने चढला तर गळती मोठी आहे असं समजायचं. आपल्या गावागावांत प्लेटलेटची जेवढी चर्चा होते, तिच्या दहाव्या हिश्शाने पीसीव्हीची झाली असती तरी किती घरांतली मुलं वेळेत सलाईनपर्यंत पोचली असती.

१८ तास आधी. शनिवार, पहाटे ४

ताप उतरतो. कपाळ गार, अंगाला घाम. आजी कपाळावर हात ठेवून सुनेला सांगते, “उतरला वं पोरीचा ताप. झोपू दे तिले आता.” चार रात्रींनंतर आई पहिल्यांदा आडवी होते. सकाळी टेकडीवर जाऊन फरीदबाबांना नारळ चढवायचं आजीच्या मनात आहे.

रक्तातला विषाणूही याच सुमाराला झपाट्याने घटतो. मग संकट आता का? कारण इथून पुढची हानी एकट्या विषाणूची नाही. ज्या पेशींत तो मातला होता त्यांच्यावर आता मारक पेशी तुटून पडल्या आहेत, पूरक प्रथिनांची साखळी पेटली आहे, दाह वाढवणारे रेणू रक्तात सुटले आहेत. त्यातच रक्तात साचलेलं एनएस-१ प्रथिन केशवाहिन्यांच्या आतलं साखरेचं नाजूक अस्तर खरवडतं. वाहिन्या फाटत नाहीत, पण त्यांच्या पेशींमधल्या फटी रुंदावतात. लाल पेशी आत राहतात आणि पाणी व प्रथिनं बाहेर जातात, पोटाच्या पोकळीत, फुफ्फुसाभोवती. ही गळती २४ ते ४८ तास चालते आणि मग आपोआप थांबते. तेवढा वेळ निभावला की मुलगी वाचते.

१२ तास आधी. सकाळी १०

पोट दुखतंय म्हणते. दोनदा उलटी झाली. सगळ्यांना वाटतं, चार दिवस पोटात अन्न नाही, दुखणारच. वडील सोयाबीनच्या कापणीला गेलेत. मजूर आज मिळालेत, उद्याचा भरवसा नाही. केंद्रातली सूचना आईला आठवते. पण ताप नाही, पोरगी शुद्धीवर आहे, बोलतेय. संध्याकाळी नेऊ.

थांबत नाही अशी पोटदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विनाकारण तगमग किंवा ग्लानी: डेंग्यूची ही धोक्याची चिन्हं. मुलीला यांतली दोन दिसली आहेत. या घटकेला ती दवाखान्यात असती, तर शिरेतून मोजून सलाईन सुरू झालं असतं, किलोमागे तासाला ५ ते ७ मिलिलिटर, म्हणजे तिला दीडशे ते दोनशे, आणि दोन तासांनी पीसीव्ही पाहून कमी करत नेलं असतं. या आजारावर विषाणू मारणारं औषध नाही. मिठाचं पाणी आहे आणि ते कधी, किती द्यायचं याची जाण आहे. एवढ्यावर गंभीर डेंग्यूतले मृत्यू शंभरांत वीसपर्यंत जाण्याऐवजी एकाच्या खाली आणता येतात.

८ तास आधी. दुपारी २

सकाळपासून लघवी झालेली नाही. हे कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. या क्षणी रक्त तपासलं असतं तर प्लेटलेट ४२ हजार आणि पीसीव्ही ४४ निघाला असता.

५ तास आधी. संध्याकाळी ५

हातपाय गार. आजी म्हणते अशक्तपणा आलाय, आणि गोधडी पांघरते. आशाताई फेरीवर येतात, पायाचा अंगठा दाबून सोडतात. पांढरा पडलेला भाग गुलाबी व्हायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. त्या फोन काढतात आणि १०८ ला लावतात.

३ तास आधी. संध्याकाळी ७

गिरडच्या केंद्रात रक्तदाब १००/८०. वरचा आकडा पाहून कुणालाही हायसं वाटेल. पण पाहायचं असतं ते दोन आकड्यांमधलं अंतर. ते वीसवर आलंय. शरीराने हातापायांच्या, आतड्यांच्या, मूत्रपिंडांच्या वाहिन्या आवळून उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवलंय, म्हणून खालचा आकडा चढला. म्हणूनच मुलगी अजून स्पष्ट बोलते, नाव सांगते, पाणी मागते. डेंग्यूचा शॉक असा शुद्धीत येतो, आणि भल्याभल्यांची फसगत इथंच होते. सलाईन लागतं. आकुंचलेली शीर दोनदा निसटते, मग मिळते. मुलांचा अतिदक्षता विभाग सेवाग्रामला. रुग्णवाहिका समुद्रपूरकडे निघते.

१ तास आधी. रात्री ९

जाम चौरस्ता. इथून हिंगणघाट डावीकडे राहतं आणि वर्ध्याचा रस्ता धरायचा. मुलगी तगमगतेय, हात झटकतेय, सलाईनची नळी सांभाळावी लागतेय. मग ती शांत होते. आईला वाटतं, झोप लागली.

शून्य. शनिवार, रात्री १०

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचा तातडीचा कक्ष. मनगटाची नाडी लागत नाही. रक्तदाब मोजता येत नाही. पीसीव्ही ४९. किलोमागे २० मिलिलिटर सलाईन, म्हणजे ६००, पंधरा मिनिटांत. नाडी परतली नाही तर पुन्हा तेवढंच. पीसीव्ही एकदम खाली आला आणि नाडी तरीही नाहीच, तर आत कुठं तरी रक्तस्राव होतोय, मग रक्त द्यायचं. परतली तर तासातासाला कमी करत जायचं. कारण उद्या रात्रीपर्यंत गळती थांबेल, बाहेर गेलेलं पाणी नसांत परत शिरेल, आणि आज जीव वाचवणारं सलाईन तेव्हाही जोरात चालू राहिलं तर फुफ्फुसात पाणी भरेल. या मुलीचं काय होतं ते आता पुढच्या एका तासातल्या हातांवर आहे.

शून्यानंतर

तिचा सहा वर्षांचा भाऊ याच आठवड्यात तापला होता. दोन दिवसांत बरा झाला, बहिणीच्या गडबडीत त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. त्याचा हा पहिलाच डेंग्यू, प्रकार दुसरा. पुढचे काही महिने त्याला चारही प्रकारांपासून आडोसा आहे. मग त्याची पातळी उतरू लागेल.

त्याच्यासारख्यांसाठी लस हवी, पण लसही याच दांड्यापाशी अडखळली. फिलिपिन्समध्ये एप्रिल २०१६ पासून आठ लाखांवर मुलांना पहिली डेंग्यू लस टोचली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं की, आधी डेंग्यू न झालेल्यांना लसीनंतरचा खरा संसर्ग जास्त गंभीर होऊ शकतो. त्यांच्या शरीरात लसीने पहिल्या तापाची जागा घेतली होती. तेव्हापासून लसकर्त्यांपुढचा प्रश्न बदलला: चारही प्रकारांविरुद्ध एकाच वेळी पुरेशी, घट्ट धरणारी प्रतिपिंडं कशी तयार करायची? अशा चौपदरी भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. १०,३३५ निरोगी प्रौढांवर ती करायची आणि लस दिल्यानंतर दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, असं तेव्हा ठरलं होतं. लहान मुलांचा नंबर त्यानंतर.

घरी कूलरच्या टाकीत अजून चार बोटं पाणी आहे. एडिसची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेलाही महिनोन् महिने तग धरतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतली बाजू घासावी लागते. रविवारी सकाळी आशाताई ते करायला येतील आणि भावाच्या तापाची तारीख वहीत लिहून घेतील.